बशी पालथी घालून पाहा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती तुमच्यापैकी कित्येकांच्या हातात या क्षणीसुद्धा असेल. मी बोलणार आहे कपबशीविषयी. तुम्ही म्हणाल, कपबशीवर भाषण काय करायचं? चहा प्यावा आणि विसळून पालथी घालावी. पण पालथी घातलेल्या बशीच्या बुडावर बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, ते आपण कधी वाचतो का? जुन्या घराच्या माळ्यावर, बरण्यांच्या मागे कागदात गुंडाळून ठेवलेली आजीच्या वेळची एखादी फुलाफुलांची बशी असेल, तर तिच्या बुडावर एक अख्खा इतिहास आहे. तो थोडा दूरदेशीचा आहे, थोडा आपल्या जत-सांगली भागाचा आहे, आणि काही ठिकाणी मान खाली घालायला लावणाराही आहे.

आधी माती समजून घेऊ. आपल्या जत तालुक्यात कुंभाराला माती नवी नाही. घागर, रांजण, गाडगी, पणत्या हे सगळं चाकावर घडतं आणि आव्यात भाजलं जातं. आव्यातली उष्णता साधारण सातशे-आठशे अंशांपर्यंत जाते. एवढ्या धगीत माती पक्की होते, पण तिच्या अंगात सूक्ष्म छिद्रं राहतात. म्हणून तर रांजणातलं पाणी झिरपतं आणि गार होतं. जतच्या उन्हाळ्यात हा रांजणाचा मोठाच गुण आहे. पण त्याच छिद्रांमुळे मातीच्या भांड्यात तेल मुरतं, वास मुरतो, आणि ते नीट धुता येत नाही.

युरोपात मग काय केलं? हलक्या रंगाची, गाळून घेतलेली माती हजार-अकराशे अंशांवर भाजली आणि तिच्यावर काचेसारख्या झिलईचा थर चढवला. आतली माती थोडी सच्छिद्रच राहिली, पण वरून काचेचं कवच आलं. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला जगभरच्या सामान्य घरांत जी नक्षीची भांडी गेली, ती बहुतेक या जातीची. खरी चिनी पोर्सेलीन त्याहून वरची. ती तेराशे अंशांच्या आसपास भाजतात, आतली मातीच काचेसारखी एकजीव होते, आणि प्रकाशासमोर धरली तर बोटांची सावली आरपार दिसते. आपण मात्र दोन्हींना सरसकट ‘चिनी माती’च म्हणतो.

ही नक्षी कशी काढत, हेही ऐकण्यासारखं आहे. प्रत्येक बशीवर कोणी हाताने चित्र काढलं, तर ती गरिबाला परवडणार नाही. म्हणून इंग्लंडात अठराव्या शतकाच्या मध्यावर एक युक्ती निघाली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात रंग भरायचा, पातळ कागदावर त्याचा ठसा घ्यायचा, तो ओला कागद भाजलेल्या बशीवर दाबून घासायचा आणि मग पाण्याने कागद धुऊन टाकायचा. रंग बशीवर राहतो. वरून झिलई द्यायची आणि पुन्हा भाजायचं. जुनी निळी बशी नीट पाहिलीत, तर काठावरच्या वेलबुट्टीत एखाद्या ठिकाणी जोड चुकलेला दिसेल. अर्धं फूल एकीकडे आणि पान भलतीकडे. तो कागदाचा जोड. दुसरी रीत त्याहून स्वस्त. स्पंजाचा तुकडा फुलाच्या आकारात कापायचा, रंगात बुडवायचा आणि भांड्यावर ठप्पे मारत जायचं. आपल्याकडे दिवाळीत मुलं भेंडी कापून कागदावर ठसे मारतात ना, अगदी तसंच. स्कॉटलंडचे आणि हॉलंडमधल्या मास्ट्रिक्ट शहरातले कारखाने अशी ठप्प्यांची भांडी आशियाच्या बाजारासाठी बनवत. तिसरी रीत पुढे आली. पातळ पत्र्यात नक्षी कापायची, तो भांड्यावर धरायचा आणि हवेच्या फवाऱ्याने रंग उडवायचा. त्यामुळे रंगाच्या कडा मऊ, धुक्यासारख्या दिसतात.

ही फवाऱ्याची नक्षी ज्या देशांत घरोघरी पोहोचली, त्यातला एक देश आपल्यापासून फार दूरचा आहे. फिनलंड. त्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्या शेजारी ठेवलं की आपली गोष्ट स्पष्ट दिसते.

हेलसिंकी शहराच्या कडेला ‘अराबिया’ नावाचा भाग आहे. तिथे १८७३ साली स्वीडनच्या रॉर्स्ट्रांड या जुन्या कंपनीने भांड्यांचा कारखाना काढला. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, आणि स्वीडिश कंपनीची नजर रशियाच्या मोठ्या बाजारावर होती. म्हणजे भांडवल स्वीडनचं, बाजार रशियाचा, आणि नक्षी बहुतेक इंग्लंडच्या वळणाची. अराबियाच्या एका नक्षीचं नाव तर ‘सिंगापूर’ होतं! बर्फाच्या देशातली माणसं सिंगापूरच्या चित्राच्या बशीतून खात होती. यात हसण्यासारखं काही नाही. इंग्लंडची प्रसिद्ध ‘विलो’ नक्षी आठवा. वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं आणि वर दोन पाखरं. ती दिसते चिनी, पण काढली इंग्रज कारागिरांनी. भांड्यांवरची चित्रं पासपोर्ट काढून फिरत नाहीत.

पुढे मात्र फिनलंडमध्ये आपली स्वतःची भांडी असावीत अशी हवा आली. १९०२ च्या सुमारास अराबियाने ‘फेनिया’ नावाची मालिका काढली, साध्या भौमितिक नक्षीची. १९१६ मध्ये कारखाना फिनिश मालकांकडे आला. दुसऱ्याच वर्षी, १९१७ च्या डिसेंबरात, देश स्वतंत्र झाला. पुढच्या काळात अराबियाच्या नक्षीच्या कपांतून फिनलंडची शेतकरी घरं पाहुण्यांना कॉफी देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर काय फ्रांक या कलाकाराने १९५३ मध्ये ‘किल्टा’ नावाची बिननक्षीची, एकरंगी भांडी आणली. ती जगभर गाजली आणि जुनी फुलं मागे पडली. २०१६ मध्ये हेलसिंकीतलं उत्पादन बंद झालं. पण जुन्या भांड्यांचे नमुने संग्रहालयात राहिले. बुडावरच्या शिक्क्यावरून कोणती बशी कोणत्या वर्षांतली, हे तिथला साधा माणूसही सांगू शकतो.

आता आपल्याकडे येऊ.

चिनी भांडं आपल्या भागात इंग्रजांनी पहिल्यांदा आणलं असं नाही. जतपासून जवळच असलेल्या विजापूरच्या बालेकिल्ल्यात एक इमारत आहे, तिला ‘चिनी महाल’ म्हणतात. तिथे चिनी भांड्यांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले, म्हणून हे नाव पडलं. आदिलशाहीत चीनची भांडी समुद्रामार्गे दख्खनेत येत. त्यातल्या हिरवट रंगाच्या भांड्यात विषारी अन्न वाढलं तर भांडं तडकतं, अशी समजूत होती. साहजिकच राजेरजवाड्यांना ती भांडी फार प्रिय! जतच्या डफळे घराण्याला देशमुखी मिळाली ती याच आदिलशाहीत. पण ही सगळी दरबारची गोष्ट. गावातल्या घरात पितळ, कासं, तांबं आणि कुंभाराची माती एवढंच होतं. कल्हईवाला वर्षातून फेरी मारी, आणि तेवढ्यावर संसार चाले.

सामान्य घरात चिनी माती शिरली ती चहाबरोबर. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवण्याचा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढच्या काळात स्टेशनांवर, बाजारांत, जत्रांमध्ये लोकांना चहा करून दाखवत, फुकट पाजत. चहा कशात प्यायचा? पितळेच्या पेल्याला हात लावला तर चटका बसतो. कानाचा कप हवा, आणि ओतून गार करायला बशी हवी. इंग्रजाने बशी कप ठेवायला केली होती. आपण तिचं पिण्याचं भांडं केलं. फुंकर मारून बशीतून भुरका मारण्यात जे सुख आहे, ते त्या बशीच्या कारखानदाराला कधी कळलं नसेल. सीमेवरच्या आपल्या कन्नड बोलणाऱ्या घरांतही हे दोन शब्द ‘कप्पू-बसी’ होऊन नांदले.

माल यायचा कुठून? मुंबई बंदरात इंग्लंड, हॉलंड, जर्मनीच्या पेट्या उतरत. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपचा माल आटला आणि जपानने ती जागा घेतली. जपानी कप पातळ, रंगीत आणि स्वस्त. मिरजेपर्यंत मोठी रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आली होती. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी पंढरपूरहून मिरजेला पोहोचली, आणि त्या मार्गावर ‘जत रोड’ हे स्टेशन झालं. नाव जत रोड, पण तिथून जत गाव चांगलंच लांब. गवतात बांधलेली चिनी भांडी स्टेशनापासून गाडीवाटेने गावात येईपर्यंत किती शाबूत राहत असतील, याची कल्पना ज्यांनी त्या वाटा पाहिल्यात त्यांनाच करता येईल. म्हणून दुष्काळी मुलखात सहा कपांचा एक सारखा संच म्हणजे प्रतिष्ठा होती. तो पाहुण्यांसाठी फडताळात राहायचा, घरच्यांसाठी टवका उडालेला कप असायचा.

याच काळात स्वदेशीची चळवळ झाली. बंगालच्या फाळणीनंतर, १९०५ पासून, परदेशी साखर, काच, कापड यांवर बहिष्कार सुरू झाला. पैसा फंडाने तळेगावला काच कारखाना काढला, १९०८ मध्ये. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये नांगर तयार होऊ लागले. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनी काचेचा कारखाना घातला, आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी लागला. नांगर झाला, कंदील झाला. मग कपबशी का झाली नाही?

याचं एक उत्तर मातीत आहे. पांढऱ्या भांड्याला पांढरी, लोह नसलेली माती लागते. आपली काळी आणि तांबडी माती भाजली की लाल होते, ते तिच्यातल्या लोहामुळे. पांढरी माती कोकणात सावंतवाडीच्या बाजूला आहे, बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे भांड्यांना चांगली माती आहे, पण कोळसा दूर, बाजार दूर. तेव्हा ज्याला हा धंदा करायचा होता, त्याला माती असेल तिथे जावं लागलं. परशुराम गणपुले हे मराठी उद्योजक सौराष्ट्रात गेले. थान, मोरबी, वांकानेर या भागात त्यांच्या ‘परशुराम पॉटरी’ने जम बसवला. आज मोरबी म्हणजे फरशा आणि सिरॅमिकची देशातली मोठी पेठ. त्या पेठेच्या पायात एका मराठी माणसाची खटपट आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. बंगालमध्ये सत्यसुंदर देव जपानला जाऊन हे शास्त्र शिकले आणि १९०६ मध्ये परत येऊन कलकत्त्यात कारखान्याला लागले. स्वातंत्र्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघाच्या रूपाने कुंभारांना झिलईचं तंत्र शिकवण्याचं काम उभं केलं. कुंभाराला वगळून मातीचा उद्योग करायचा नाही, ही त्यामागची दृष्टी होती.

आता ज्या गोष्टीसाठी मान खाली जाते म्हणालो, तिच्याकडे वळतो.

फिनलंडमध्ये कपाने घर ओळखलं जायचं. आपल्याकडे कपाने जात ओळखली गेली. चिनी मातीचं भांडं आलं तेव्हा सोवळ्याच्या घरांत पहिला प्रश्न पडला, हे शुद्ध की अशुद्ध? पितळेचं भांडं राखेने घासून, विस्तव दाखवून शुद्ध करता येतं. मातीचं भांडं विटाळलं की फोडायचं. हे झिलईचं भांडं कुठे बसवायचं? त्यावर बरीच घरं एका मजेशीर तडजोडीला आली. लोणच्याची बरणी चालेल, जेवायची बशी चालणार नाही.

पुण्यात १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एक कार्यक्रम झाला. गोपाळराव जोशींच्या खटपटीने न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले अशी मंडळी तिथे जमली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे ठेवली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आली, आणि त्यावरून ग्रामण्य झालं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तांचा वाद वर्षा-दोन वर्षांपर्यंत चालला. एक पेला चहाचा, आणि अख्खं पुणं त्यात बुडालं.

पण रानडे-टिळकांना प्रायश्चित्ताची वाट तरी होती. ज्यांना कपच मिळत नव्हता त्यांचं काय? पश्चिम महाराष्ट्रातल्या किती तरी गावांतल्या चहाच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळा कप असे. बहुतेक वेळा कान तुटलेला, टवका उडालेला. तो बाहेर कोनाड्यात किंवा वळचणीला ठेवलेला असे. पिणाऱ्याने तो स्वतः घ्यायचा, चहा वरून ओतला जायचा, पिऊन झाल्यावर स्वतःच धुऊन पुन्हा जागेवर ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच. ज्या झिलईची कीर्ती अशी की तिच्यात काही मुरत नाही, पाण्याने धुतलं की स्वच्छ, त्याच झिलईच्या कपाला आपण माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो असं मानलं. कारखान्याने छिद्रं बुजवली होती, आपण ती मनात ठेवली.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी यावर सरळ चहा प्यायचाच उपाय केला. गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेतले दलित सेवक. सवर्णांच्या हौदाचं पाणी घेतलं म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचं हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल निघालं, नाव ‘सत्यसुधारक’. पण गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा मागवू लागले. बरोबरच्या सवर्ण मंडळींच्या हातातही कप जाई. छत्रपती पितात म्हटल्यावर इतरांना नाही कसं म्हणता येणार? पुढे गंगारामांना सोडा करण्याचं यंत्रही महाराजांनी दिलं. चहाच्या कपाने जे दार बंद केलं होतं, ते त्यांनी कपानेच उघडायला घेतलं.

राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. हॉटेलात प्रवेशाला मज्जाव करता येणार नाही असं पंधराव्या कलमात लिहिलं. तरी कपाचा प्रश्न उरलाच, म्हणून १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात हॉटेलातली भांडी वापरण्यास मज्जाव करणं हा गुन्हा आहे, असं वेगळं नमूद करावं लागलं. विचार करा, एका प्रजासत्ताकाला कपबशीसाठी कायद्यात ओळ लिहावी लागली. आणि कायद्यानंतरही तो बाहेरचा कप एका दिवसात आत आला नाही. १९७० च्या दशकात बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरावं लागलं, ते उगीच नाही.

हे सगळं आज सांगायचं कारण असं की या वस्तू झपाट्याने जात आहेत. स्टील आलं, मेलामाइन आलं, कागदी कप आले. जुनं घर पाडताना माळ्यावरची चिनी भांडी एक तर फुटतात, नाही तर भंगारात जातात. काही शहरातले व्यापारी येऊन नगावर घेऊन जातात आणि तीच पुढे शोभेच्या दुकानात दामदुपटीने विकली जातात. त्यांना विकू नका असं मी म्हणणार नाही, ज्याची त्याची अडचण असते. पण देण्याआधी एवढं करा. बशी पालथी घालून पाहा.

नुसतं ‘इंग्लंड’ लिहिलं असेल, तर ती बहुधा १८९१ नंतरची. त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, आणि कारखाने सगळ्याच मालावर ते छापू लागले. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर साधारण विसाव्या शतकातली. ‘निप्पॉन’ असेल तर १९२१ च्या आधीची जपानी, नुसतं ‘जपान’ असेल तर बहुधा त्यानंतरची. ‘ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचा अंमल होता तेव्हाची, म्हणजे १९५२ पर्यंतची. स्फिंक्सचं चित्र आणि मास्ट्रिक्टचं नाव असेल तर हॉलंडची. ग्वाल्हेर किंवा बंगाल असेल तर आपली, देशी. मग बशीवर टिचकी मारा. खणखणीत वाजली तर पोर्सेलीन, बद्द वाजली तर झिलईची माती किंवा तडा गेलेली. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील, तर झिलई आणि माती यांचं आकुंचन जुळलं नाही असं समजा. त्या रेषांतून चहा आत मुरतो आणि त्या तपकिरी होतात. आणि एक सावधगिरी. जुन्या झिलईत पुष्कळदा शिसं असे. आंबट पदार्थाने ते सुटतं. तेव्हा अशा भांड्यात लोणचं, चिंच, ताक ठेवू नका. जपा, पण जेवू नका.

दुसरं काम त्याहून महत्त्वाचं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, ही बशी कुठून आली? जत्रेतून, रुखवतातून, की मुंबईला गिरणीत असलेल्या काकांनी आणली? तिच्यातून कोण प्यायचं, आणि कोण पीत नव्हतं? जे सांगतील ते तारखेसह कागदावर लिहा आणि कागद बशीबरोबर ठेवा. शाळांतल्या शिक्षकांना विनंती, इतिहासाच्या तासाला मुलांना घरचं एक जुनं भांडं आणायला सांगा, नाही तर त्याचं चित्र काढून आणायला सांगा. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून आज आपल्याला त्या पाहता येतात. प्रत्येक तालुक्याला केळकर मिळणार नाहीत. पण प्रत्येक शाळेला एक कपाट मिळू शकतं.

सोनेरी काठाचा संच जपणारी घरं सापडतील. पण वळचणीचा तो कान तुटलेला कप कोण जपून ठेवणार? ज्याने त्यातून चहा प्याला, त्याला तो डोळ्यासमोर नको असणार, हे अगदी समजण्यासारखं आहे. ज्याने तो ठेवला होता, त्याला आता तो आठवत नाही. म्हणून ज्यांना आठवतं त्यांचं ऐकून घेणं हे आपलं काम आहे, आणि ते करायला फार वर्षं उरलेली नाहीत. शाळेच्या कपाटात सोनेरी बशी ठेवाल, तेव्हा शेजारी त्या कपाची हकीकतही लिहून ठेवा. दोन्ही मिळूनच आपल्या भागाचा चहाचा इतिहास पुरा होईल.